प्येरफोंचा किल्ला मध्ययुगातला की 19व्या शतकातला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॅरिसला जाणार आहात, प्येरफोंचा किल्ला यादीत आहे. वाचताना कळलं की तो 1400 च्या सुमारास बांधला, 1617 मध्ये फोडला आणि 1858 पासून पुन्हा उभा केला. मग आज दिसतो तो मध्ययुगीन किल्ला आहे की त्याची प्रतिकृती? एक दिवस खर्च करण्याइतकं त्यात काही आहे का? आणि जाता जाता तुम्ही विचारलंय, आपले किल्ले असेच पूर्ण उभे का करू नयेत?

मी जुन्या दगडी वास्तूंच्या संवर्धनाचं काम करते आणि या विषयाचं शिक्षण फ्रान्समध्ये झालं, त्यामुळे प्येरफों आमच्या अभ्यासात कायम असायचा. एका वाक्यात सांगायचं तर, दिवस खर्च करावा असा हा किल्ला नक्की आहे. पण ‘खरा की खोटा’ अशी दोनच खाती ठेवलीत तर तिथून गोंधळूनच परत याल. तिथे दोन वास्तू एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली ऑर्लेआँचा ड्यूक लुई याची, दुसरी व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाची. कुठे उभं राहून कोणती दिसते, हे कळणं महत्त्वाचं.

आधी पहिली. प्येरफों पॅरिसच्या ईशान्येला साधारण 80 किलोमीटरवर, कॉम्पिएन्यच्या जंगलाच्या कडेला आहे. तिथे 12व्या शतकातही गढी होती. पण आजच्या किल्ल्याचा मूळ आराखडा 1390 च्या दशकातला. त्या वेळी फ्रान्सच्या गादीवर सहावा शार्ल होता आणि 1392 पासून त्याला वेडाचे झटके येत होते. राजाच असा, तेव्हा सत्ता कुणाच्या हाती राहणार यावरून त्याचा धाकटा भाऊ लुई आणि बर्गंडीचे ड्यूक यांच्यात चुरस लागली. लुईला प्येरफोंच्या भोवतालचा वाल्वा परगणा मिळाला होता. बर्गंडीच्या घराण्याचा मुलूख दोन तुकड्यांत विभागलेला होता, उत्तरेला फ्लँडर्स आणि आग्नेयेला खुद्द बर्गंडी. नकाशा काढून बघा, लुईचे किल्ले या दोन तुकड्यांच्या मधोमध येतात. प्येरफों आणि ला फेर्ते-मिलों त्याने नव्याने उभारायला घेतले आणि 1400 मध्ये कूसीचा बलाढ्य किल्ला विकत घेतला. 23 नोव्हेंबर 1407 च्या रात्री पॅरिसच्या रस्त्यात बर्गंडीच्या ड्यूकच्या माणसांनी लुईचा खून केला आणि बांधकामाचा जोर तिथेच ओसरला.

रचनेत त्या काळाचं वैशिष्ट्य स्पष्ट दिसतं. आराखडा साधारण चौकोनी, चारी बाजूंना उंच तट आणि त्यात आठ बुरूज. मध्ययुगीन युरोपात ‘नऊ वीर’ ही कल्पना फार लोकप्रिय होती. तीन मूर्तिपूजक, तीन यहुदी, तीन ख्रिस्ती अशा नऊ आदर्श योद्ध्यांची ती मालिका. प्येरफोंच्या बुरुजांना त्यातल्याच आठ जणांची नावं आहेत: हेक्टर, अलेक्झांडर, सीझर, जोशुआ, जूडास मॅकाबियस, आर्थर, शार्लमेन आणि गॉडफ्री. नवव्या डेव्हिडच्या वाट्याला बुरूज आलेला नाही. बुरुजांच्या बाहेरच्या अंगाला कोनाडे आहेत आणि त्यांत या वीरांचे पुतळे. पायथ्याशी येणाऱ्याने मान वर केली की मालक स्वतःला कुणाच्या पंक्तीत बसवतोय हे त्याला कळावं, अशी ती योजना होती.

मला सगळ्यात जास्त बघण्यासारखा वाटतो तो तटाचा माथा. किल्ल्यावर साधारणपणे एक फांजी असते, म्हणजे तटावरून चालायची वाट, आणि तिला कडेने चर्या, म्हणजे दातेरी कठडा. प्येरफोंला अशा दोन वाटा एकावर एक आहेत. खालची छपराखालची. ती तटाच्या बाहेर दगडी तोड्यांवर, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या आधारांवर, पुढे काढलेली आहे आणि तिच्या तळाला ओळीने फटी ठेवल्या आहेत. भिंतीला भिडलेल्या शत्रूवर तिथून सरळ खाली दगड टाकता येतात. तिच्या वर, थोडी मागे घेतलेली, चर्यांची उघडी वाट. म्हणजे एकाच भिंतीवरून एकाच वेळी दोन थरांतून मारा. शिवाय तट आणि बुरूज यांच्या उंचीत फार फरक नाही, त्यामुळे पहारेकऱ्याला खाली न उतरता संपूर्ण किल्ल्याला फेरी मारता येते. 13व्या शतकातल्या किल्ल्यांत प्रत्येक बुरूज स्वतंत्र लढायच्या तयारीने बांधलेला असे. इथे सगळा तट एकसंध यंत्रणा म्हणून वागतो. किल्ल्याचा मुख्य भाग, त्याला फ्रेंच लोक ‘दोंजों’ म्हणतात, तोही शेवटचा आसरा म्हणून केलेला अंधारा मनोरा नाही. मालकाचं राहतं घरच त्यात आहे, मोठ्या दालनांसह. लढाई आणि ऐसपैस राहणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला हव्या होत्या आणि त्याच्याकडे दोन्हींसाठी पैसा होता.

पुढची दोनशे वर्षं भराभर सांगते. 1617 मध्ये तेराव्या लुई राजाविरुद्ध नाराज सरदारांनी डोकं वर काढलं आणि प्येरफों त्यांच्या बाजूला गेला. राजाच्या सैन्याने तोफा लावून किल्ला घेतला. तेव्हा युद्धखात्याचा कारभार तरुण रिशल्यकडे, म्हणजे पुढे राजाचा मुख्य मंत्री झालेल्या कार्डिनलकडे, होता. किल्ला पाडायचा हुकूम निघाला. बाहेरची तटबंदी जमीनदोस्त केली, छपरं काढली, बुरुजांना आणि तटांना उभ्या खिंडारांनी चिरलं. पण पूर्ण पाडणं जमलं नाही, काम इतकं अवाढव्य होतं की अर्ध्यावर सोडलं. या एका गोष्टीमुळे पुढचं सगळं शक्य झालं, म्हणून ती लक्षात ठेवा. छप्पर गेलं, पण भिंती बऱ्याच उंचीपर्यंत उभ्या राहिल्या.

राज्यक्रांतीनंतर हे अवशेष विकले गेले. 1810 मध्ये पहिल्या नेपोलियनने ते 3000 फ्रँकपेक्षाही कमी किमतीत घेतले. नंतर रोमँटिक काळात पडक्या किल्ल्यांचं वेड आलं. 1832 मध्ये राजा लुई-फिलिपने मुलीच्या लग्नानिमित्त चक्क या पडक्या भिंतींमध्ये मेजवानी दिली. कोरोसारख्या चित्रकाराने ते अवशेष रंगवले. 1848 मध्ये ‘ऐतिहासिक स्मारक’ म्हणून नोंद झाली. जाण्याआधी कोरोचं ते चित्र कुठेतरी शोधून नक्की पाहा. काय शिल्लक होतं आणि काय नव्हतं, याची कल्पना कोणत्याही माहितीफलकापेक्षा तिथून जास्त येते.

आता मुख्य भाग. व्हियोले-ल-द्युकचा जन्म 1814 चा. 1840 मध्ये वेझलेच्या चर्चचं काम त्याला मिळालं तेव्हा तो पंचविशीत होता. पुढे पॅरिसचं नोत्र-दाम, कारकासोन अशी एकाहून एक मोठी कामं त्याच्याकडे आली. फ्रान्सच्या मध्ययुगीन वास्तुकलेबद्दल त्याच्याइतकी माहिती त्या काळात क्वचितच कुणाला असेल. 1857 च्या अखेरीस सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याला प्येरफोंचं काम दिलं आणि पुढच्या वर्षी ते सुरू झालं. इथे एक गोष्ट बहुतेक लेखांतून निसटते: सुरुवातीचं काम आज दिसतंय ते नव्हतंच. ठरलं होतं ते एवढंच, की दोंजों आणि त्याला लागलेला भाग राहण्याजोगा करायचा आणि बाकीचे पडके तट-बुरूज जसे आहेत तसे, निसर्गरम्य अवशेष म्हणून ठेवायचे.

1861 मध्ये बेत बदलला. सम्राटाला आता इथे पूर्ण राजनिवास हवा होता. कॉम्पिएन्यच्या राजवाड्यात दर शरद ऋतूत दरबाराचा मुक्काम असे, पाहुण्यांची वर्दळ असे आणि जंगलाच्या पलीकडे आपला मध्ययुगीन किल्ला असावा ही कल्पना त्याला आवडली. शस्त्रं-चिलखतांचा त्याचा संग्रहही तिथे मांडायचा होता.

माझ्या कामात हा क्षण पुन्हा पुन्हा भेटतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. पडक्या वास्तूचं किती बांधायचं हे पुरावा ठरवतो, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात मालकाला ती वास्तू कशासाठी हवी आहे, त्यावर ते ठरतं. अवशेष म्हणून ठेवायची असेल तर पाणी मुरू नये, दगड सुटू नये, भिंत कलू नये एवढं बघायचं. राहायची असेल तर छप्पर हवं, मग छपराला आधार हवा, जिने हवेत, खिडक्या, चुली, नळ, दिवे. त्यातल्या प्रत्येकाचा पुरावा जागेवर असतोच असं नाही, पण घर म्हणून वापरायचं तर रिकामी जागा ठेवून चालत नाही. प्येरफोंमध्ये कल्पनेने भरलेल्या जागा 1861 नंतर झपाट्याने वाढल्या. व्हियोले-ल-द्युक तोच होता, त्याची विद्या तीच होती. त्याच्यापुढचं काम बदललं होतं.

मग त्याने काय पुराव्यावर केलं आणि काय मनाने? बाहेरची बाजू बऱ्याच अंशी पुराव्यावर. तट आणि बुरूज मोठ्या उंचीपर्यंत उभे होते, ढिगाऱ्यातून घडीव दगडांचे तुकडे निघत होते. तोडे कुठे होते, फांजीची पातळी काय होती, जिना कुठून चढत होता, याची उत्तरं भिंतीतच होती. दुहेरी फांजी त्याने कल्पनेतून काढलेली नाही. टोकदार छपरांचा नेमका उतार, त्यांवरची शिशाची नक्षी, छपराच्या खिडक्यांचे तपशील हे मात्र त्याचे. त्या खिडक्यांवर दगडी मांजरं बसवलेली आहेत, वेगवेगळ्या पवित्र्यांत. 1400 सालाशी त्यांचा काही संबंध नाही. पण घडाई इतकी जिवंत आहे की माणसं अंगणात माना वर करून मांजरंच शोधत बसतात, आणि त्यात वावगं काही नाही.

आतलं अंगण जवळजवळ संपूर्ण त्याचं आहे. मोठ्या कमानींची ओवरी, रुंद जिने, भिंतीतून डोकावणारे सरड्या-मगरींसारखे पाण्याचे पन्हाळे. यात मध्ययुगापेक्षा फ्रेंच प्रबोधनकाळाची छटा जास्त आहे आणि त्याहूनही जास्त आहे ती 1860 च्या दशकातल्या एका अफाट कल्पक माणसाची छटा. अंगणातला लुईचा अश्वारूढ पुतळा एमानुएल फ्रेमिएचा, 1868 चा. चॅपलच्या दारापाशी सेंट जेम्सची यात्रेकरूच्या वेषातली मूर्ती आहे, तिचा चेहरा व्हियोले-ल-द्युकचा. मध्ययुगातले कारागीरही कधीकधी स्वतःला असं कोरून ठेवत. ही वास्तू आपलीही आहे, असं त्याने तिथे उघड सांगितलंय असं मी मानते.

आतल्या दालनांत वीरांगनांचं दालन सगळ्यांत मोठं: 52 मीटर लांब, 9 मीटर रुंद, 12 मीटर उंच. सम्राटाचा शस्त्रसंग्रह इथेच मांडायचा होता. टोकाला प्रचंड शेकोटी आहे आणि तिच्यावर नऊ वीरांगनांचे पुतळे. मधली सेमिरामिस, दंतकथेतली राणी, आहे आणि तिचा चेहरा सम्राज्ञी युजेनीचा आहे. पण ही कल्पना हवेतून आलेली नाही. वीर आणि वीरांगना यांची दालनं कूसीच्या किल्ल्यात खरोखर होती, आणि कूसी लुईचाच. म्हणजे विषय मध्ययुगीन, जागा 19व्या शतकातली, चेहरा तिसऱ्या नेपोलियनच्या साम्राज्यातला. सगळा प्येरफों या एका शेकोटीपाशी उभं राहून समजतो.

1870 मध्ये साम्राज्य कोसळलं आणि पैसा आटला. शस्त्रसंग्रह पॅरिसला गेला, तो आज लष्करी संग्रहालयात आहे. व्हियोले-ल-द्युक 1879 मध्ये वारला, पुढे त्याच्या जावयाने काम पाहिलं आणि 1885 मध्ये ते थांबलं. एकूण सुमारे 50 लाख फ्रँक लागले, त्यातले बहुतेक सम्राटाच्या खर्चासाठी मंजूर असलेल्या रकमेतून. काही दालनांत रंगीत भित्तिचित्रं, कोरीव लाकूडकाम, सगळं भरगच्च, आणि शेजारच्या दालनात शिरावं तर कोरे दगड. ते कोरेपण मध्ययुगीन साधेपणा वगैरे नाही. तिथे रंगारी पोहोचायच्या आधी पैसे संपले होते.

जुनं-नवं ओळखायचं कसं, हे आता सांगते. हे सरसकट नियम नाहीत. ऊन कुठून येतं, पाऊस कुठून झोडपतो, त्या भिंतीची नंतर किती वेळा डागडुजी झाली यावर बरंच अवलंबून असतं. पण भिंत वाचायची माझी पद्धत अशी. आधी दूर उभं राहायचं, खंदकाच्या पलीकडे, आणि नजर पायापासून वर न्यायची. खालच्या थरांत चिऱ्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात, थरांची उंची थोडी कमी-जास्त होते, दगडाचा रंग एकसारखा नसतो. वर जाताना एका रेषेनंतर कडा धारदार होतात, सांधे बारीक आणि सरळ होतात. ही रेषा आडवी नसते. 1617 च्या खिंडारांपाशी ती वेड्यावाकड्या जिन्यासारखी खाली उतरते. अशी तिरपी शिवण दिसली की थांबायचं. तोफेने किंवा पहारीने फोडलेली जागा बहुधा तीच असते.

मग जवळ जायचं आणि सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं पडलेलं असताना बघायचं. चिऱ्याच्या तोंडावर टाकीचे घाव उमटतात. हाताने घडवलेल्या जुन्या चिऱ्यावर घावांची दिशा दगडागणिक बदलते, कारण प्रत्येक पाथरवटाचा हात वेगळा. 19व्या शतकातही घडाई हातानेच होत होती, त्यामुळे घाव आहेत म्हणजे जुनंच, असं समजू नका. फरक शिस्तीत असतो. नव्या कामात सगळे चिरे एकाच मापाला, एकाच गुळगुळीतपणाला आणलेले असतात, कारण वर एक वास्तुविशारद बसलाय आणि त्याची रेखाटनं आहेत. शेवटी दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले चुन्याने भरलेले सांधे, बघायच्या. जुन्या चुन्याची दरज आत गेलेली, खडबडीत, त्यात वाळूचे जाड कण दिसणारी असते. अर्थात दरजा दर काही पिढ्यांनी पुन्हा भरल्या जातात, म्हणून एकट्या दरजेवरून निकाल देऊ नये. तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच मी ठामपणे बोलते.

आता माझं मत. तुम्ही ते विचारलेलं नाही, पण प्रश्नातच ते दडलंय. 1866 मध्ये व्हियोले-ल-द्युकने जीर्णोद्धाराची व्याख्या छापली. तिचा आशय असा, की जीर्णोद्धार म्हणजे देखभाल नव्हे, दुरुस्ती नव्हे, पुन्हा बांधणंही नव्हे. वास्तूला अशा पूर्ण अवस्थेत आणणं, जी कदाचित कोणत्याही एका काळी अस्तित्वातच नव्हती. लोक हे त्याच्या विरोधात वापरतात. मला त्यातला प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. आपण जुनं जसंच्या तसं परत आणतोय असा दावा त्याने केला नाही. त्याच काळात इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन याच्या अगदी उलट टोकाला होता. त्याच्या मते जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा समूळ नाश, जुन्या कारागिराचा हात पुन्हा आणताच येत नाही. पुढे 1964 मध्ये व्हेनिसच्या सनदेत जगभरच्या संवर्धकांनी या वादातून काही मार्ग काढला: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवी भर घातलीच तर ती जुन्यापासून ओळखता आली पाहिजे. मी याच तत्त्वांवर काम करते. प्येरफोंचं काम आज माझ्यासमोर आलं असतं तर मी 1857 चा पहिला बेत धरला असता, 1861 चा नाही.

प्येरफोंमध्ये गमावलं काय, हेही स्पष्ट सांगते. खिंडारं गेली. 1617 हा या किल्ल्याच्या आयुष्यातला मोठा प्रसंग होता, राजसत्तेने सरदारांच्या तटबंद्या मोडण्याच्या इतिहासातला एक पुरावा होता. तो तशाच फिकट चुनखडकाने बुजवून टाकला. भिंत पुन्हा अखंड झाली आणि तिच्यावरची दोनशे चाळीस वर्षं पुसली गेली. अंगणातही जुन्या इमारतींचं जे काही शिल्लक असेल ते नव्या बांधकामात गडप झालं. आज संशोधकाला त्या इमारतींबद्दल काही विचारायचं असेल तर व्हियोले-ल-द्युकच्या नोंदींवाचून फारसा मार्ग नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच लुईचा ला फेर्ते-मिलोंचा किल्ला प्येरफोंपासून फार लांब नाही. 1407 मध्ये काम थांबलं ते कायमचं. तिथे कुणी काही पुरं केलं नाही. आज एक प्रचंड दर्शनी भिंत उभी आहे, मागे काहीच नाही, आणि दारावर येशूची आई मेरी हिच्या राज्याभिषेकाचं 1400 च्या आसपासचं अप्रतिम शिल्प. अस्सल मध्ययुगीन दगड हवा असेल तर तो तिथे भरपूर आहे, पण दुहेरी फांजीवरून चालणं म्हणजे काय, पहारेकऱ्याला काय दिसायचं, हे तिथे कळत नाही. ते प्येरफोंलाच कळतं. कूसीची गोष्ट आणखी वेगळी. तिथला 13व्या शतकातला दोंजों सुमारे 55 मीटर उंच होता. व्हियोले-ल-द्युकने त्याला लोखंडी पट्टे बांधून सावरला, पुन्हा घडवला नाही. मार्च 1917 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंगांनी उडवला आणि फ्रान्सने तो पुन्हा न बांधण्याचा निर्णय घेतला. ढिगारा आजही तसाच आहे. एकाच भागातले हे तीन किल्ले, तिघांशीही लुईचा संबंध, आणि तिघांना मिळालेली वागणूक वेगवेगळी. संवर्धनाच्या विद्यार्थ्यांना मी याच त्रिकुटाकडे पाठवते.

आणखी एक. ‘नवं बांधकाम काढून मूळ किल्ला मोकळा करा’ असं कुणीकुणी म्हणतं. आज तसं कुणीही जबाबदार माणूस करणार नाही. व्हियोले-ल-द्युकचं काम आता स्वतःच दीडशे वर्षांहून जुनं आहे, त्याच्या दगडकामाला आणि शिसेकामाला ऐतिहासिक मोल आलंय. त्या काळच्या मोंद्युई कार्यशाळेतल्या शिशाच्या नक्षीकामाचे नमुने किल्ल्यातच मांडलेले आहेत, ते चुकवू नका. आणि कोऱ्या राहिलेल्या दालनांना त्याच्या आराखड्यांवरून आता रंगवून ‘पूर्ण’ करत बसावं, असंही मला वाटत नाही. तो इतिहासही 1870 मध्ये जिथे थांबला तिथेच दिसू द्यावा.

आता आपल्या किल्ल्यांबद्दल. हा प्रश्न जुलै 2025 मध्ये शिवकालीन किल्ल्यांचा समूह जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून मला वारंवार विचारला जातो. उत्तर किल्ल्यागणिक बदलतं, आणि किल्ल्यातही भागाभागागणिक. प्येरफोंमध्ये दगडी भिंती जवळजवळ माथ्यापर्यंत उभ्या होत्या, म्हणून तटांची पुनर्रचना बरीचशी पुराव्यावर होऊ शकली. रायगडावर परिस्थिती नेमकी उलटी आहे. वाड्यांचा वरचा साज लाकडी होता, 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्यात तो जळाला आणि राहिली ती दगडी जोती. जोत्यावरून दालनाची लांबी-रुंदी कळते. खांब किती उंच होते, छप्पर कसं उतरत होतं, महिरप कशी होती, हे कळत नाही. त्यावर वाडा उभारला तर महाराजांचा वाडा म्हणून आजच्या वास्तुविशारदाची कल्पना लोकांच्या मनात कायमची बसेल. त्या जागेबद्दल मनात आदर आहे म्हणूनच मी याला विरोध करते. याउलट ढासळलेल्या तटाचे चिरे पायथ्याशीच पडलेले असतील, थर जुळत असतील, तर ते परत चढवायला माझी काहीच हरकत नाही. ते करावंच, पण चुन्यात. सिमेंटने दरजा भरल्या की पाणी भिंतीत कोंडतं आणि काही पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. हे मी आपल्याकडे फार ठिकाणी पाहिलंय. संपूर्ण वाडा अनुभवायचाच असेल तर पायथ्याच्या संग्रहालयात तो प्रतिकृतीत किंवा पडद्यावर उभा करता येतो. तो चुकीचा निघाला तर उद्या बदलताही येतो.

शेवटी तुमच्या दिवसाबद्दल. पॅरिसहून कॉम्पिएन्यपर्यंत रेल्वे आहे, तिथून पुढे रस्त्याने जावं लागतं. आत शिरायची घाई करू नका. आधी बाहेरून, जमेल तितकी पूर्ण, प्रदक्षिणा घाला आणि वर सांगितलेली तिरपी शिवण शोधा. मग अंगण, मग दालनं आणि वीरांगनांची शेकोटी. फांजीचा जेवढा भाग खुला असेल तो शेवटी ठेवा, कारण बाहेरून भिंत वाचून झाल्यावर वरून ती जास्त कळते. गाडी असेल तर परतताना ला फेर्ते-मिलों जरूर करा. तिथे अर्धा तासही पुरतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना मांजरं मोजायला सांगा, तोवर तुम्हाला छपराच्या खिडक्या निवांत बघता येतील. परत आल्यावर फोटो टाका, विशेषतः बाहेरच्या तटांचे. कुठला थर कुठल्या काळातला असावा यावर पुढे बोलू.